रणवार्ता आणि स्त्री

युद्ध संपते आणि मागे त्याची हकीकत उरते. ती हकीकत कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेली असते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. सेनापतींचे अहवाल, मुत्सद्द्यांचे खलिते आणि वार्ताहरांची पत्रे ही युद्धेतिहासाची साधने होत. आणि ही तिन्ही साधने दीर्घकाळ बहुतांशी पुरुषांच्या हातची होती. स्त्रियांनी युद्ध पाहिले नव्हते असे नाही. ते त्यांच्याच उंबरठ्यावरून गेले. परंतु पाहिलेले चारचौघांत सांगण्याचा अधिकार त्यांस नव्हता. तो त्यांनी कोणत्या वाटेने मिळविला, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम बाहेरचे जग पाहू. 1939 च्या ऑगस्टअखेर क्लेअर हॉलिंगवर्थ ही तरुण इंग्रज बाई पोलंडच्या सरहद्दीवर पोहोचली. वृत्तपत्राच्या नोकरीत तिला आठवडाही झाला नव्हता. रस्त्याकडेला लावलेले तरटाचे पडदे वाऱ्याने उडाले आणि त्यांच्यामागे दडविलेले जर्मन रणगाडे तिला दिसले. दुसरे महायुद्ध दाराशी आले आहे, ही वार्ता जगास अशा रीतीने कळली. 1944 साली नॉर्मंडीच्या स्वारीत मार्था गेलहॉर्न हिला आघाडीवर जाण्याचा परवाना नव्हता. ती रुग्णनौकेच्या शौचकूपात लपून फ्रान्सच्या किनाऱ्याला लागली. 1950 साली कोरियात मार्गरिट हिगिन्सला एका सेनापतीने आघाडीवरून परत धाडले. कारण काय, तर तेथे बायकांची सोय नाही! मॅकआर्थरने तो हुकूम फिरविला, आणि पुढल्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आपल्या देशातही गोष्ट निराळी नव्हती. 1965 च्या पाकिस्तानी युद्धात प्रभा दत्त यांना आघाडीवर धाडण्यास त्यांच्या वृत्तपत्राने नकार दिला. तेव्हा त्यांनी पंजाबात नातेवाइकांना भेटावयाचे म्हणून रजा घेतली, थेट खेमकरण गाठले आणि तेथून बातम्या पाठविल्या. त्या छापाव्याच लागल्या.

या चौघींपैकी तिघींस पुढचे दार बंद होते. मग त्या रुग्णनौकेतून गेल्या, रजेच्या अर्जातून गेल्या. या आडवाटांचा एक लाभही झाला. सेनापतीच्या तंबूतून नकाशा दिसतो. रुग्णनौकेतून जखमी माणूस दिसतो. गेलहॉर्नने लिहिले ते त्या माणसाविषयी. युद्धाच्या हकीकतीत जे उणे होते, ते या आडवाटेवरच सापडले.

आता महाराष्ट्राकडे व गोव्याकडे वळू. परक्या सत्तेच्या राज्यात खरी बातमी देणे हाच गुन्हा असतो. तेथे परवाना मागावयाचा कोणाकडे? 1942 साली मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. चितगाववरील बाँबहल्ला आणि विदर्भातील आष्टी-चिमूरचे अत्याचार, ज्यांवर सरकारी नभोवाणी व धाकातील वृत्तपत्रे गप्प होती, ते या केंद्राने लोकांस सांगितले. नोव्हेंबरात पोलिसांनी केंद्र पकडले आणि उषाबेनना 4 वर्षांची सक्तमजुरी झाली.

वारणा ज्या सह्याद्रीत उगम पावते, त्याच सह्याद्रीच्या दक्षिण अंगास आंबोलीचे रान आहे. तेथून 25 नोव्हेंबर 1955 रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी आणखी एक गुप्त केंद्र बोलू लागले. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हे ते चालवीत. पुढे ते कॅसलरॉकच्या बाजूस हलले. पोर्तुगीज राजवटीने दडविलेल्या बातम्या कोकणीतून व पोर्तुगीजमधून सहा वर्षे गोव्यात पोहोचत राहिल्या. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा विमानाला ध्वनिक्षेपक लावून ती वार्ता पणजीच्या आकाशातून सांगणारा आवाज याच लिबियाबाईंचा होता. 2025 साली, वयाच्या शंभरीत, त्यांना पद्मश्री मिळाली.

येथे कोणी म्हणेल, या वार्ताहर कसल्या? या तर लढ्याच्या प्रचारिका! आक्षेप अगदीच पोकळ नाही. त्या तटस्थ नव्हत्या, आणि त्यांनी तसे भासविलेही नाही. परंतु आष्टी-चिमूरला जे घडले ते घडलेच होते. बातमीची कसोटी सांगणाऱ्याची बाजू कोणती ही नसून, सांगितलेले खरे किती ही आहे. तटस्थ म्हणविणारे मुके राहिले, तर बोलणाऱ्याची साक्ष टाकून कसे चालेल?

हीच कसोटी घेऊन शिराळ्याकडे पाहावे. 1930 च्या जंगल सत्याग्रहात बिळाशीच्या बाया पोलिसांपुढे उभ्या राहिल्या. पुढे वारणा-कृष्णेच्या खोऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले, ते बंदुकांइतकेच बातमीवर तगले. पोलीस कोठे उतरले, कोणत्या वाटेने निघाले, हे भूमिगतांना वेळेवर कळले नसते तर त्यांचा निभाव लागता ना. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी अशी पाळत ठेवण्याची कामे केली. 2021 साली त्या निवर्तल्या, तोवर त्यांच्या तोंडून काही कहाणी नोंदली गेली होती. परंतु भाकरीच्या टोपलीखालून चिठ्ठी नेणारी, पाणवठ्यावर निरोप देणारी बाई कोणत्याही यादीत नाही. तिला वार्ताहर म्हणावे असा आमचा आग्रह नाही. तिची वार्ता चुकली असती तर माणसे पकडली गेली असती, एवढी जोखीम तिच्या शब्दावर होती, हे मात्र इतिहासाने मानले पाहिजे.

त्या पिढीतील बहुतेक जणी आता गेल्या. घरोघरी त्यांच्या लेकीसुना, नातवंडे यांच्या स्मरणात काही गोष्टी अजून शिल्लक आहेत. त्या गावाचे, वर्षाचे, माणसांचे नाव विचारून, ताडून, कागदावर उतरविल्या पाहिजेत. ज्यांनी वार्ता पोहोचविली, त्यांचीच वार्ता आपल्याकडून हरवू नये, एवढेच आमचे सांगणे.