परीक्षेतला कॅल्क्युलेटर

गेल्या रविवारी जीआरईची तयारी करणाऱ्या मावसबहिणीला गणितं समजावत बसलो होतो. ४८ चे २५ टक्के काढायला बाईसाहेबांनी स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर उघडला! मी कपाळावर हात मारला. पण हा कॅल्क्युलेटर तिथे आला कसा?

अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत १९९४ पासून स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येऊ लागला. जीआरई मात्र अडून बसली. १९९०च्या दशकात ती कॉम्प्युटरवर आली, म्हणजे समोर अख्खं यंत्र, तरी आकडेमोड कच्च्या कागदावरच! शेवटी ऑगस्ट २०११ मध्ये नव्या स्वरूपाच्या जीआरईबरोबर स्क्रीनवर कॅल्क्युलेटर आला. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसचा हेतू असा, की आकडेमोडीवरचा भर कमी व्हावा आणि विचार करण्याची क्षमता तपासली जावी. आपल्या कॅटमध्येही २०१५ साली असा साधा कॅल्क्युलेटर आला.

जीआरईच्या कॅल्क्युलेटरमध्ये चार क्रिया, वर्गमूळ, कंस आणि मेमरी, बस्स. उत्तर आठ आकड्यांत मावलं नाही तर 'एरर'. १ + २ × ४ चं उत्तर मात्र तो बरोबर ९ देतो. दुकानातले बरेच साधे कॅल्क्युलेटर १२ देतात.

म्हणजे आधी गुणाकार करायचा हे त्याला कळतं, पण मुळात गुणायचं काय, हे आपणच ठरवायचं. प्रश्न तपासतो तो नेमकं हेच. म्हणून बहिणीला म्हटलं, आधी अंदाज बांध, मग बटण दाब. ४८ चं निम्मं, त्याचं निम्मं, १२. झालं!

असो. त्याच रात्री हॉटेलचं बिल तिघांत वाटायला मोबाईल मीच काढला, हे तिला सांगू नका.