अंतर आणि दुरावा : शहाजी–जिजाबाई यांच्या दांपत्यकथेचा विचार

मराठी ऐतिहासिक कादंबरीत प्रणय पुष्कळ आहे. दांपत्य मात्र अभावानेच आढळते. घराण्यांच्या सोयीसाठी झालेला विवाह, त्यातून पतिपत्नींत निर्माण झालेला दुरावा आणि अखेरीस मनोमीलन, हा पाश्चात्त्य अद्भुतरम्य कादंबरीचा रूढ कथाबंध आपल्याकडे फारसा रुजला नाही. त्याला सर्वांत जवळची सामग्री आपल्या इतिहासात आहे ती शहाजीराजे आणि जिजाबाई यांच्या सहजीवनाची. या सामग्रीचे कथनात रूपांतर होताना काय घडले, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

सिंदखेडचे जाधव आणि वेरूळचे भोसले यांची सोयरीक हा मूलतः दोन लष्करी घराण्यांमधील व्यवहार होता. बखरींना मात्र या व्यवहाराला काही आरंभ हवा होता. रंगपंचमीला एकमेकांवर रंग उडवणारी दोन मुले, लखुजी जाधवांचे थट्टेचे उद्गार आणि मालोजींनी ते वचन म्हणून पकडणे, ही कथा त्यातून आली. १८२६ साली ग्रँट डफने ती इंग्रजीत नेली. या कथेत वर-वधूंना इच्छा नाही. ती असण्याचे वयही नाही. प्रतिष्ठेचा पेच आहे तो थोरल्यांचा. म्हणजे बखरकाराला विवाह राजकीय असल्याचे पूर्ण भान आहे, आणि त्यात त्याला काही उणे वाटत नाही.

पुढे ही सोयरीक राजकारणाला पुरली नाही. लखुजी मोगलांकडे गेले आणि १६२४ च्या भातवडीच्या युद्धात सासरे व जावई परस्परविरोधी पक्षांत होते. येथूनच कथेतील सर्वांत नाट्यमय प्रसंग उद्भवतो : पाठलाग करणारे लखुजी, गरोदर जिजाबाईंना शिवनेरीवर ठेवून पुढे निघून जाणारे शहाजीराजे, आणि माहेरी जाण्यास नकार देणारी कन्या. हा प्रसंग शिवजन्माच्या १६२७ या जुन्या तिथीवर उभा आहे. लोकमान्य टिळकांमार्फत १९१६ मध्ये प्रकाशात आलेल्या जेधे शकावलीने शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी दिली. लखुजींची हत्या दौलताबादेस जुलै १६२९ मध्ये, म्हणजे जन्मापूर्वी सुमारे सात महिने झाली. दिवस भरत आलेल्या कन्येचा पाठलाग पित्याने करणे कालगणनेत बसत नाही. तिथी बदलली, तरी प्रसंग कथेतून गेला नाही. पिता आणि पती यांच्या मधोमध उभी असलेली स्त्री ही प्रतिमा कथनाला इतकी आवश्यक होती, की तिच्यापुढे शकावलीचे काही चालले नाही.

१६३६ च्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीत गेले. बंगळूर हे त्यांचे ठाणे झाले, तुकाबाई तेथे होत्या आणि जिजाबाई पुढे पुण्याच्या जहागिरीत राहिल्या. हे झाले अंतर. त्याचा दुरावा केव्हा झाला? जदुनाथ सरकारांनी १९१९ च्या आपल्या शिवचरित्रात पतीचे प्रेम आटले, त्याने तरुण पत्नी केली आणि पहिलीला टाकले, असा निर्वाळा दिला. हा निष्कर्ष वस्तुतः कादंबरीचा आहे. त्यात पुरावा कमी आणि सहजीवनाविषयीचे आधुनिक गृहीतक अधिक आहे.

हे गृहीतक ज्या वातावरणात घडले, त्यात पत्नीने वेगळे राहण्याचा प्रश्न न्यायालयात पोहोचला होता. दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंविरुद्ध १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ चा निकाल रखमाबाईंच्या बाजूने, १८८७ चा विरुद्ध, आणि १८८८ मध्ये तडजोड. त्यानंतर हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ या एकाच साप्ताहिकात ‘पण लक्षात कोण घेतो!’ आणि ‘उषःकाल’ या दोन्ही कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. विवाहातील दुःखाची चिकित्सा सामाजिक कादंबरीकडे गेली, स्वराज्य ऐतिहासिक कादंबरीकडे. या वाटणीत जिजाबाई माता म्हणून उरल्या. पत्नी म्हणून त्यांच्याविषयी विचारले जाई, तेव्हा सामाजिक कादंबरीतील परित्यक्तेचा साचा तयार होताच.

समकालीन संहिता निराळे सांगतात. जयराम पिंड्ये हा शहाजीराजांच्या दरबारातील कवी. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त जिजाबाईंचा उल्लेख राजांची शोभणारी जाया म्हणून गौरवाने येतो. ज्या दरबाराने त्यांना विसरायला हवे होते, त्याच दरबारातला हा उल्लेख आहे. परमानंदाच्या ‘शिवभारता’त शहाजीराजे पुत्राची पुण्याकडे पाठवणी करतात ती लवाजम्यानिशी. दरबारी काव्याला संकेतांची चौकट असते. तेव्हा या उल्लेखांवरून दोघांत प्रेम होते असे सिद्ध करणे हीदेखील उलट दिशेची कादंबरीच ठरेल. सिद्ध होते ते इतकेच, की त्या व्यवस्थेत अंतर हे नाते तुटल्याचे लक्षण नव्हते. अनेक विवाह आणि विखुरलेल्या जहागिरी असलेल्या घराण्यात पत्नीचे स्थान सहवासावर नव्हे, अधिकारावर मोजले जाई.

येथे प्रश्न केवळ वाङ्मयप्रकाराचा राहत नाही. जिजाबाईंच्या नावाची पत्रे उपलब्ध आहेत. त्या जहागिरीत कारभार पाहत होत्या. परित्यक्तेची कथा स्वीकारली, की हा कारभार हरवलेल्या प्रेमाची भरपाई ठरतो. आदर्श दांपत्याची कथा स्वीकारली, की तो पतीने नेमून दिलेले काम ठरतो. दोन्ही कथा परस्परांचे खंडन करतात, पण स्त्रीच्या कर्तृत्वाचा उगम पतीच्या मनात शोधण्यावर त्यांचे एकमत आहे.

इतिहासाने जेथे मौन पाळले आहे तेथे कादंबरीकाराने बोलावे, हा त्याचा हक्कच आहे. मात्र शहाजी–जिजाबाई यांच्या बाबतीत ते मौन एका दुखावलेल्या मनाचे आहे असे आपण फार लवकर ठरवून टाकले. ते एका कामात असलेल्या स्त्रीचेही असू शकते, ही शक्यता मराठी ऐतिहासिक कादंबरीने अद्याप पुरेशी आजमावलेली नाही.