दप्तर सापडले, पण वाचणार कोण? बीड, बडोदे आणि ग्रंथपाल घडविण्याचा इतिहास

(धागा. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचा.)

२०२३ च्या उत्तरार्धात बीडसह मराठवाड्यातील सरकारी कचेऱ्यांत जुन्या कागदांचे गठ्ठे पुन्हा सोडले गेले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध चालू होता. महसुली कागद, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची प्रवेश रजिस्टरे, सारे तपासले जात होते. आरक्षणाच्या वादात या धाग्याला शिरायचे नाही. आपला प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. कागद हाती आला, पण तो मोडीत किंवा उर्दूत लिहिलेला. आता वाचणार कोण?

मग मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. एका ओळीच्या वाचनावर एखाद्या कुटुंबाचे प्रमाणपत्र अवलंबून, आणि ती ओळ वाचू शकणारी माणसे मोजकीच. ही वेळ का आली, याचे उत्तर शंभर वर्षे मागे जाऊन शोधावे लागते.

जुन्या काळी हा प्रश्नच उद्भवत नसे. गावाचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे आणि ते लिहिण्या-वाचण्याचे शिक्षणही त्याच घरात मिळे. मुलगा बापाच्या हाताखाली मोडीचा कित्ता गिरवी, हिशेबाच्या खुणा शिके, कागद रुमालात कसे बांधायचे ते पाहून पाहून आत्मसात करी. अभिलेख सांभाळण्याचे हे खरेखुरे व्यावसायिक प्रशिक्षणच होते. दोष एवढाच की ते जन्माने मिळे. इतरांना त्याचे दार बंद. पुढे वतने गेली, ते योग्यच झाले. पण त्या घरांतली विद्या गेली तिची जागा कोणत्या शाळेने घ्यायची, हे कोणी ठरवले नाही.

बीडच्या बाबतीत गुंता अधिक. १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि हा मुलूख मोगलांकडे गेला. म्हणजे सरकारी कागद फारसीत, तोही बहुधा शिकस्ता वळणाचा. १७२४ नंतर आसफजाही अंमल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानाने कारभारात फारसीच्या जागी उर्दू आणली. गावपातळीवर मात्र मोडी चालूच. एकाच गावाचा तीनशे वर्षांचा इतिहास वाचायचा तर तीन लेखनपद्धती याव्या लागतात. त्यातही दख्खनच्या मोगल दप्तराचा मोठा साठा औरंगाबादच्या किल्ले अर्कमधून १९१६ मध्ये हैदराबादला हलविण्यात आला. त्यामुळे आमच्या जिल्ह्याच्या सतराव्या शतकाचा अभ्यास करायचा तर आजही वाट हैदराबादेकडे जाते.

आता थोडे उत्तर-पश्चिमेला, बडोद्याला जाऊ. कारण जन्माने मिळणारी ही विद्या वर्गात शिकविता येते, हे आपल्याकडे प्रथम तेथे सिद्ध झाले.

सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. भारतातला हा असा पहिला वर्ग. लाहोरचा वर्ग १९१५ चा, मद्रासचा, रंगनाथनांचा, १९२९ चा. बडोद्यातून पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरत. या कामासाठी ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक १९१२ पासून निघू लागले, आणि आपल्यासाठी विशेष म्हणजे त्यात इंग्रजी व गुजरातीच्या जोडीने मराठीही होती. ग्रंथपालाच्या कामाविषयी मराठीत व्यवसाय म्हणून लिहिले जाऊ लागले ते या काळात. बोर्डन १९१३ मध्ये परतले. नंतर जनार्दन सखाराम कुडाळकरांनी ही चळवळ पुढे नेली.

योगायोग पाहा. बोर्डन बडोद्याला आले त्याच १९१० साली पुण्यात वि. का. राजवाडे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. राजवाड्यांनी गावोगाव भटकून किती कागद वाचविले, हे वेगळे सांगायला नको. तरीही त्यांच्याच चरित्रात एक व्रण आहे आणि तो बीडशी जोडला जातो. ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व म्हणून त्यांनी १९०९ मध्ये छापलेली पोथी. तिचा माग बीडच्या पाटांगणापर्यंत नेला जातो. छापील आवृत्ती आहे, मूळ पोथी मात्र आज उपलब्ध नाही. राजवाड्यांनी संतापाच्या भरात ती स्वतःच नष्ट केली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, पोथी एका व्यक्तीच्या हाती राहिली, संस्थेच्या नोंदवहीत चढली नाही, एवढे तर स्पष्टच आहे. विद्वत्ता आणि अभिलेखपालन ही दोन निरनिराळी कामे आहेत. माझ्या मते आपण ती फार काळ एकच समजत आलो.

ग्रंथालयांच्या बाजूने बीडची वाट निराळी झाली. हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. पण १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेलंगणाच्या बाजूला १९६० च्या आंध्र कायद्याने ग्रंथालय उपकर आणला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात उपकर नाही. येथे लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान, आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी. यातून वाचनालये गावोगाव पोहोचली, हे मान्यच करावे लागेल. ग्रंथालय प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र वर्ग निघाले, विद्यापीठांत पदव्या आल्या. पण ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात काम करणारी व्यक्ती सरकारी नोकर नसते. तिचे मानधन त्या तुटपुंज्या अनुदानातूनच निघते. प्रशिक्षण आहे, त्यावर पोट चालेल याची खात्री नाही.

अभिलेखांच्या बाजूने तेवढेही नाही. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, पण ते काही दिवसांचे. तेवढ्यात मुळाक्षरे येतात. घाईत लिहिलेला, अर्धे शब्द गाळलेला कागद वाचायला वर्षे लागतात. मी स्वतः अजून अडखळतो.

गेल्या वर्षी माझ्या प्रबंधासाठी एका कचेरीत गेलो होतो. तेथील वयस्क कर्मचाऱ्याने रुमाल सोडला, आतल्या कागदांना वाळवी लागलेली. ‘यातलं काय आहे ते आम्हाला बी कळत न्हाई, तुम्हीच बघा,’ असे म्हणून त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. वर यादी नव्हती, क्रमांक नव्हता. मी त्यातली चौदा पाने वाचू शकलो. उरलेली उर्दूत होती. ती तशीच बांधून परत ठेवली.