पूरोत्तर वीजपुरवठा व त्याचा वित्तप्रबंध (सातारा-सांगली)

पुराने उद्‌ध्वस्त झालेली वीजवितरण यंत्रणा पुन्हा उभारण्यासाठी व ती पुढील आपत्तीत टिकावी यासाठी केलेली पैशाची तरतूद. महाराष्ट्रात या प्रश्नाचे स्वरूप कृष्णा-कोयना खोऱ्यात विशेष स्पष्ट दिसते. सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरील पाणी कराडच्या संगमानंतर सांगलीकडे वाहते. नदीकाठचे उपसा सिंचनाचे पंप, रोहित्रे व खांब प्रथम पाण्याखाली जातात. अपघात टळावेत म्हणून वीजपुरवठा आधीच बंद करावा लागतो. त्यामुळे खर्च वाढत असतानाच उत्पन्न थांबते.

या जोखमीची दखल १९४८ च्या वीजपुरवठा अधिनियमाने घेतली होती. त्याच्या सहाव्या अनुसूचीनुसार परवानाधारकाने स्थिर मालमत्तेच्या मूळ किंमतीच्या पाव ते अर्धा टक्का रक्कम दरवर्षी आकस्मिक राखीव निधीत टाकावयाची असे. निधीची कमाल मर्यादा ५ टक्के होती. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचा (स्थापना १९६०) वित्तव्यवहार मात्र स्वतंत्र कलमांखाली चाले. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन वितरण ‘महावितरण’कडे आले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच कृष्णेला मोठा पूर आला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला.

राज्य विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या वीजदर विनियमांतही राखीव निधीचे तेच जुने प्रमाण आढळते. दुसरा स्रोत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. २०१५–२० च्या निकषांनुसार ११ किलोव्होल्टपर्यंतच्या यंत्रणेस प्रत्येक खांबामागे ४,००० रु., तारांच्या प्रत्येक किमी.ला ५०,००० रु. व प्रत्येक रोहित्रामागे १ लाख रु. मदत ठरली होती. ही मदत पुरवठा तातडीने पूर्ववत करण्यापुरतीच होती. रोहित्राचा चौथरा पूररेषेच्या वर नेण्याचा खर्च तीत बसत नसे.

तो खर्च भांडवली कर्जातून करून पुढे वीजदरातून वसूल करावा लागतो. अमेरिकेतील फ्लॉरिडात एका वीजकंपनीने २००७ मध्ये ६५.२ कोटी डॉलरचे रोखे काढून वादळखर्च ग्राहकांच्या बिलांत अनेक वर्षांवर विभागला. नदीकाठच्या कृषिपंपांना सवलतीच्या दराने वीज मिळत असल्याने येथे हा भार अखेर इतर ग्राहकांवर वा शासनावर पडतो. बुडालेल्या मोटारीचा खर्च मात्र शेतकऱ्याच्याच माथी राहतो. म्हणून खर्च कोणी सोसावयाचा हे पुरापूर्वीच ठरणे आवश्यक ठरते.