आंबागड

आंबागड हा महाराष्ट्रातील भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील एक गिरिदुर्ग असून त्याच्या पायथ्याशी याच नावाचे गाव वसलेले आहे. तुमसर शहराच्या वायव्येस सुमारे १३ किलोमीटर अंतरावर, सातपुड्याच्या दक्षिणेकडील वनाच्छादित डोंगररांगेत हा किल्ला आहे. या रांगेलाही आंबागडची टेकड्यांची रांग असे म्हणतात. देवगडच्या गोंड राज्याच्या काळात, इ.स. १७००च्या सुमारास, किल्ल्याचे बांधकाम झाले असे मानले जाते. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेला. किल्ला महाराष्ट्र शासनाच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे. छत्तीसगडमधील अंबागड चौकी हे नाव याच्याशी मिळतेजुळते असले, तरी ते ठिकाण वेगळे आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील किल्ले म्हटले की सह्याद्रीचे काळ्या कातळाचे कडे डोळ्यांपुढे येतात. आंबागडची घडण निराळी आहे. दख्खनच्या पठारावरील लाव्हाजन्य बेसाल्ट खडकाचा विस्तार पश्चिमेकडेच थांबतो. भंडारा जिल्ह्याचा बराचसा भाग त्याहून कितीतरी प्राचीन, रूपांतरित खडकांचा आहे. भूशास्त्रज्ञ या भागातील खडकसमूहाला ‘सौसर’ या नावाने ओळखतात व त्यातच मँगनीजचे साठे आढळतात. या साठ्यांशी निगडित असलेल्या एका खडकाला फेर्मोर या भूशास्त्रज्ञाने गोंड लोकांच्या नावावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. त्यामुळे येथील टेकड्यांना सह्याद्रीसारखे सरळ तुटलेले कडे नाहीत. उतार झाडीने भरलेले आणि तुलनेने सौम्य आहेत. कड्यांचे नैसर्गिक संरक्षण कमी असल्याने येथे तटबंदी व भोवतालचे अरण्य यांवरच किल्ल्याची भिस्त होती.

डोंगरावर साग, ऐन, बिजा, मोह, तेंदू, पळस व बांबू यांचे पानझडी वन आहे. पावसाळ्यात तट झाडीआड जातो, तर फाल्गुन-चैत्रात पाने गळल्यावर किल्ल्याची रूपरेषा पायथ्यावरूनही स्पष्ट होते.

इतिहास

देवगड (आताच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात) ही गोंड राज्याची राजधानी होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे बख्त बुलंद शाह हा राजा होऊन गेला. त्याने औरंगजेबाच्या दरबारी जाऊन इस्लाम स्वीकारला व त्याचे हे नाव म्हणजे तेथे मिळालेला किताब होय. पुढे औरंगजेब दक्षिणेत मराठ्यांशी झुंजण्यात गुंतला असता याच राजाने मोगल मुलखावर चढाया केल्या. १७०२ मध्ये नागपूर शहराची स्थापना करण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. त्याने आपल्या राज्यात निरनिराळ्या जातिधर्मांच्या शेतकऱ्यांना व कारागिरांना आणून वसवले, आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील वस्ती या काळात वाढली. पोवार समाजाच्या परंपरेतही पूर्वज प्रथम रामटेकजवळच्या नगरधन येथे आले व तेथून आंबागड आणि चांदपूर या भागांत पसरले, असे सांगितले जाते.

आंबागड बांधण्याचे काम बख्त बुलंदचा सरदार राजाखान पठाण याने केले, अशी जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत नोंदलेली परंपरा आहे. सिवनीकडील परंपरेत राजखान नावाच्या पठाणाची हकिगत येते व हा तोच पुरुष असावा. त्याने तलवारीने अस्वल मारले, त्यावर खूश होऊन राजाने त्याला डोंगरतालचा मुलूख दिला, अशी ती कथा आहे. अस्वलाची गोष्ट दंतकथा म्हणून बाजूला ठेवली, तरी पुढचा भाग लक्षात घेण्याजोगा आहे. डोंगरतालचे रान त्याने लागवडीखाली आणण्यास सुरुवात केली व नंतर सानगडी आणि प्रतापगड ही ठाणी घेतली. डोंगरताल आज नागपूर जिल्ह्यात, सानगडी भंडारा जिल्ह्यात आणि प्रतापगड गोंदिया जिल्ह्यात मोडते. नकाशावर या जागा आंबागडसह पाहिल्या, तर वैनगंगेच्या सुपीक खोऱ्याच्या कडेने, रान आणि शेती यांच्या सीमेवर उभी असलेली ठाण्यांची साखळीच दिसते. आंबागडचे स्थान एकटे पाहिले असता आडबाजूचे वाटते. या साखळीत ठेवून पाहिले की त्याचा अर्थ लागतो.

बख्त बुलंदनंतर गादीवर आलेल्या चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर, १७३९च्या सुमारास, वारसाचा तंटा उद्भवला. वली शाह याने सत्ता बळकावली, तेव्हा विधवा राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसले (पहिले) यांना मदतीस बोलावले. रघूजींनी वली शाहचा पाडाव केला आणि काही वर्षांतच, १७४३पर्यंत, देवगडच्या राज्याचा प्रत्यक्ष कारभार स्वतःकडे घेतला. राजखानाचा मुलगा मुहम्मद खान याने मात्र सानगडी सहजासहजी सोडली नाही. परंपरेनुसार त्याने ती तीन वर्षे लढवली व त्याची निष्ठा पाहून रघूजींनी त्याला सिवनीची दिवाणगिरी दिली. आंबागडही या सत्तांतरात भोसल्यांकडे आला.

भोसल्यांच्या काळात आंबागडचा उपयोग मुख्यतः तुरुंग म्हणून झाला. कैद्यांना किल्ल्यातील विहिरीचे साचलेले विषारी पाणी पाजून मारले जाई, अशी समजूत गॅझेटिअरांत नमूद आहे आणि परिसरात आजही ती सांगितली जाते. हा तपशील आख्यायिका म्हणूनच घेणे उचित आहे. पाला कुजलेले बंद पाणी पिऊन माणसे दगावणे अशक्य नाही. पण देहदंडाची ती ठरवून योजलेली पद्धत होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही. भटकंतीच्या लेखनात ही कथा बहुधा प्रथम येते आणि गोंड राज्याचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, हे प्रमाण उलटे असावयास हवे.

१८५३ मध्ये नागपूरचे राज्य ब्रिटिशांनी खालसा केले. त्यानंतर किल्ल्याला लष्करी वा प्रशासकीय प्रयोजन उरले नाही.

अवशेष

किल्ल्याला दगडी तटबंदी, गोलाकार बुरूज व बुरुजांनी संरक्षित प्रवेशद्वार आहे. आत विहीर, पाणी साठवण्याची जागा आणि इमारतींच्या पडक्या भिंती दिसतात. वाडे, कोठारे, पहाऱ्याच्या जागा यांची स्थानिक नावे सांगितली जातात.

अवशेषांना सर्वांत मोठा धोका झाडोऱ्याचा आहे. वड-पिंपळाच्या जातीची रोपे चुन्याच्या सांध्यांत रुजतात व मुळे जाड होत गेली की चिरे बाहेर ढकलले जातात. असे झाड नुसते कापून उपयोग होत नाही, कारण मुळे आत जिवंत राहतात. ती ओढून काढावीत, तर भिंतच सुटते. म्हणूनच हौशी श्रमदानात भिंतीवरील झाडे उपटणे हानिकारक ठरू शकते आणि हे काम पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. राज्य संरक्षित स्मारकाची नासधूस करणे हा महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे. तटावर नावे कोरणे आणि गुप्तधनाच्या आशेने जमीन उकरणे यांनाही तो लागू होतो.

परिसर

आंबागडच्याच डोंगररांगेत गायमुख हे महादेवाचे तीर्थस्थान आहे. तेथे डोंगरातून झऱ्याचे पाणी येते व महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. किल्ला आणि गायमुख एकाच दिवसात पाहता येतात, मात्र यात्रेच्या दिवसांत रस्त्यांवर मोठी गर्दी असते. तालुक्याच्या सिहोरा भागातील चांदपूर येथे टेकडीवरील हनुमान मंदिर व त्यालगतचा विस्तीर्ण जलाशय आहे.

तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. त्यांपैकी चिखला येथे भूमिगत, तर डोंगरी बुजुर्ग येथे खुल्या पद्धतीने उत्खनन होते. तुमसर रोड ते तिरोडी हा लोहमार्ग याच खाणपट्ट्यातून जातो. खाणी पर्यटकांसाठी खुल्या नाहीत, परंतु रस्त्याकडेचे काळपट मुरमाचे ढीग पाहिले की या टेकड्यांच्या पोटात काय आहे याची कल्पना येते. तुमसर स्वतः धान व तांदळाची मोठी बाजारपेठ आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेस वैनगंगेच्या काठी असलेल्या पवनी येथे जगन्नाथ टेकडीवरील उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. त्या मानाने आंबागड अगदीच अर्वाचीन ठरतो.

जाण्याचा मार्ग

मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील तुमसर रोड हे जवळचे मोठे स्थानक देव्हाडी येथे आहे. तेथून तुमसर शहर व पुढे रस्त्याने आंबागड गाठता येते. गावातून किल्ल्यावर पायी चढून जावे लागते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा असतो. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर पावसाळ्यात दगड शेवाळतात आणि वाट निसरडी होते. गडावर पिण्यायोग्य पाण्याची सोय नसल्याने ते पायथ्याहूनच न्यावे. विहिरीचा काठ गवताने झाकलेला असू शकतो, म्हणून लहान मुलांना तेथे एकटे सोडू नये. तटाच्या खोबणींत मधमाश्यांची पोळी असल्यास आवाज व धूर टाळावा. परिसर वन्य प्राण्यांचा असल्याने अंधार पडण्यापूर्वी खाली उतरणे इष्ट आहे.