सात आण्यांपर्यंतचा हिशेब

बीबी का मकबरा पाहताना आपल्याला औरंगजेब आठवतो, ताजमहाल आठवतो. तिथे दफन झालेली बाई कशी गेली, हे सहसा कोणी विचारत नाही. दिलरास बानूने सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजादा अकबर या धाकट्या मुलाला जन्म दिला आणि महिन्याभरातच, ऑक्टोबरमध्ये, ती याच शहरात वारली. तिची सासू मुमताज १६३१ मध्ये बऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली. मकबरा आणि ताज, दोन्ही बाळंतिणींच्या कबरी आहेत.

मकबऱ्याला ६,६८,२०३ रुपये सात आणे खर्च आला, असे सांगतात. त्या काळात बाळंतपणात दगावलेल्या इतर बायकांचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

गरोदरपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांत, त्याच्याशी संबंधित कारणाने आलेला मृत्यू आज मातामृत्यू म्हणून मोजतात. आपल्याकडच्या बाळंतिणीचा सव्वा महिना याच्या जवळपासचाच. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. आता अशा प्रत्येक मृत्यूची चौकशी अपेक्षित असते : उशीर कुठे झाला? घरच्यांच्या निर्णयाला, वाहन मिळायला, की दवाखान्यात उपचार सुरू व्हायला? हे कळले, तरच त्याच वाटेने येणाऱ्या पुढच्या बाईला वाचवता येते.