मासनाम

मासनाम : जन्ममहिन्यावरून बालकास दिलेले नाव. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांच्या धर्मसिंधु (१७९०) या ग्रंथात नामकरणाच्या वेळी ठेवायची चार नावे सांगितली आहेत : देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. यांपैकी मासनामात महिन्याचे नाव थेट येत नाही. प्रत्येक महिन्याला विष्णूचे एक नाव नेमलेले असते. कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरी, योगीश व पुंडरीकाक्ष असा त्यांचा क्रम. तो मार्गशीर्षापासून किंवा चैत्रापासून मोजतात. मार्गशीर्षाला अग्रस्थान देणारी परंपरा जुनी आहे. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायातही महिन्यांत तोच श्रेष्ठ ठरला आहे. बारशाला पाळण्यात घातलेल्या मुलाचे व्यवहारातले नाव पुढे सर्वतोमुखी होते. मासनाम मात्र बहुधा विधीपुरतेच उरते.

महिन्यांची नावे थेट व्यक्तिनामे म्हणूनही रूढ आहेत. कार्तिक, श्रावणी, फाल्गुनी, चैत्राली ही मराठी घरांत परिचित नावे. त्यांचा उगम एकट्या महिन्यात शोधणे मात्र चुकीचे ठरेल. चांद्रमासांची नावेच पौर्णिमेच्या आसपासच्या नक्षत्रांवरून पडली आहेत : चित्रेवरून चैत्र, कृत्तिकांवरून कार्तिक. कार्तिकेयाचे नावही त्याला वाढवणाऱ्या कृत्तिकांवरूनच आले. महाभारतातील अर्जुन ‘फाल्गुन’ म्हणवतो तो फल्गुनी नक्षत्रावरील जन्मामुळे. त्यामुळे कार्तिक नावाच्या मुलाचा जन्म त्याच महिन्यातला असेलच, असे नाही.